नूडलचे केस

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड माहीत नाही.

आम्ही लंडनजवळ पिनरला राहतो. माझी मुलगी सई प्रायमरी स्कूलमध्ये होती, तेव्हा तिच्या हट्टापायी आम्ही एक फेरेट आणला — मुंगसासारखा लांबुळका, पिवळट केसांचा, दिवसभर झोपणारा आणि उठला की घरभर उड्या मारणारा. सईनं त्याचं नाव ठेवलं नूडल. त्याच हिवाळ्यात माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. मला वाटलं, या नाक मुरडणार. पण नूडल त्यांच्याच मांडीवर झोपायला लागला. त्या बोटाला थेंबभर खोबरेल तेल घेऊन त्याच्या पाठीवर हलकेच चोळायच्या. "इथल्या हीटिंगनं माझी कातडी तडतडते, त्याची नसेल का गं तडतडत?" म्हणायच्या.

नाक मुरडत होते ती मी. फेरेटच्या अंगाला एक उग्र वास असतो. हळदीकुंकवाला बायका आल्या, तेव्हा एकीनं कोट काढता काढता विचारलं, "कसला गं वास येतोय?" तिनं सहज विचारलं असेल. मला ते इतकं का लागावं?

पण लागलं. आणि मी नूडलला आंघोळ घालायला लागले. फेरेटला फार धुवायचं नसतं, असं सईनं मला बजावलं होतं, म्हणून ती शाळेत असताना. आणि आई, म्हणजे सासूबाई, दुपारच्या पडलेल्या असताना. कोमट पाण्यात — हे लिहिताना हात अडतोय — फरशी पुसायचं जंतुनाशक टाकून. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. बाटलीवरच्या सूचना वाचणं हेच माझं काम. ती बाटली मी वाचली नव्हती का? वाचली होती. थोडंसंच तर घालतेय, असं म्हणत राहिले. धुतलं की त्याचा वास उलट वाढायचा. मग मी पुन्हा धुवायचे.

नूडल खाजवायला लागला. आधी पोटाचे केस विरळ झाले, मग मांड्यांचे. खालची कातडी लालबुंद. रात्रंदिवस खाजवायचा बिचारा. सई रडकुंडीला आली, तेव्हा आम्ही तिघी त्याला घेऊन व्हेटकडे गेलो.

व्हेट तरुण मुलगी होती. तिनं पिसवा आहेत का ते पाहिलं, कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली. म्हणाली, "किडे नाहीत. शेपटीपासून केस गेले असते तर मी ग्रंथींच्या आजाराचा विचार केला असता. हे तसं दिसत नाही. कातडीला काहीतरी झोंबतंय. तुम्ही याला काही लावता का? कशानं धुता का?"

सगळं इंग्रजीत चाललं होतं. आईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या माझ्या शेजारी नूडलचा पिंजरा मांडीवर धरून बसल्या होत्या आणि व्हेट बोलेल तशी मान डोलवत होत्या.

मी म्हणाले, "धूत नाही. पण माझ्या सासूबाई त्याला रोज तेल लावतात."

व्हेट आईंकडे बघून समजुतीनं हसली. आईही तिच्याकडे बघून हसल्या.

एवढंच. एका वाक्याचं काम. ते वाक्य मी मागे घेऊ शकले असते — गाडीत, घरी, दुसऱ्या दिवशी. गाडीत सईच आजीला मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तुझा तेलनी त्याला झालं. व्हेट बोलली." आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहत गाडी चालवत होते.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मुक्या जिवाला माझ्यामुळे त्रास."

त्या दिवसापासून तेल बंद झालं. आंघोळीही मी बंद केल्या — तेही गुपचूप. काही आठवड्यांत नूडलला मऊ लव फुटली, मग छान दाट केस आले. म्हणजे बघा, तेल सोडलं आणि तो बरा झाला. माझ्या खोट्याला याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? सईनं आजीला मिठी मारून माफ केलं. नूडल त्यांच्या पायांशी घुटमळायचा, तेव्हा त्या हात पदराखाली घ्यायच्या. "नको रे बाबा," म्हणायच्या.

नूडल पुढे म्हातारा होऊन गेला. आई साताऱ्याला परतल्या. मला वाटलं, विषय संपला.

गेल्या वर्षी इथेच जवळ, स्टॅनमोरला, माझ्या दिराला मुलगी झाली, म्हणून आई पुन्हा आल्या. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाला त्यांनीच न्हाऊ-माखू घातलंय, सईलाही. जाऊबाईंनी टॉवेल पसरून बाळ त्यांच्यापुढे ठेवलं. आई मागे सरकल्या.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताचं सोसत नाही कुणाकुणाला. मेघना, तूच घाल गं. तुला औषधातलं कळतं."

जाऊबाईंना काही कळलं नाही. मला कळलं. खोलीत आम्ही तिघीच होतो, कुणाला घाई नव्हती, बोलायला याहून बरी वेळ मिळाली नसती.

मी बाह्या वर केल्या आणि बाळाला जवळ घेतलं. आई शेजारी बसून मन लावून बघत होत्या — मी नीट करतेय ना ते.