रंजिताची तिसरी फेज

सडक अर्जुनीत मोटरी गुंडाळणारी बाई एकटी रंजिता. शेतपंपाची जळालेली मोटर ती आतली तांब्याची तार पुन्हा गुंडाळून आठवड्यात नवी करून द्यायची. फक्त मोटरीचा मधला दांडा, शाफ्ट, झिजलेला निघाला की लेथवाल्या नंदलालकडे जावं लागे. आधी त्याच्यामार्फत येणारी गिऱ्हाइकं थेट तिच्याकडे वळू लागली, तसा तो तिचे शाफ्ट महिना महिना कोपऱ्यात टाकून ठेवू लागला.

"घाई असन त लेथ घे ना सोताची!" तो एकदा चार माणसांसमोर म्हणाला.

तिने घेतली. गोंदियाच्या भंगारातली जुनी लेथ. पण तिची मोटर थ्री-फेज, आणि रंजिताच्या दुकानात वीज सिंगल फेज. तिच्यावर लेथ चालेना.

"आता वाळवण घाल तिच्यावर," नंदलाल हसला.

रंजिताकडे लेथच्या मोटरीहून मोठी, तीन हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर पडून होती. तिची आणि लेथच्या मोटरीची जोडणी बदलून तिने दोन्ही दोनशे तीस व्होल्टवर आणल्या. मोठीला दोरीने फिरवून दोन तारांतून वीज दिली. ती नुसती फिरत राहिली की तिच्या तिसऱ्या टोकाला तिसरी फेज तयार होई. मीटर लावला, तर तिसऱ्या तारेपासून पहिल्या तारेशी दोनशे पाच व्होल्ट, दुसरीशी एकशे नव्वद. कंडेन्सर जोडत जोडत तिने दोन्ही आकडे दोनशे तीसवर नेले. पण लेथने लोखंड कापायला घेतलं, आणि लेथची मोटर कण्हत तापली. तिसरी फेज धपकन खाली आली होती.

"जळन ते. कायले जीव आटवून राहिली?" मोठा भाऊ संघदीप म्हणाला.

"जळली त गुंडाळीन, दादा. तेच त काम आहे माह्यं."

मग तिच्या लक्षात आलं. आपण रिकाम्या मशीनचे आकडे जुळवत बसलो. जुळायला हवेत ते कामाच्या वेळी. संघदीपला तिने लेथवर उभं केलं. तो लोखंड कापी, ती मीटर पाही. मग मेन बंद, बल्ब टेकवून कंडेन्सरमध्ये साठलेली वीज रिकामी, आणि नवा कंडेन्सर जोडायचा. चार दिवस हेच. शेवटी कापताना तिन्ही तारांमधले आकडे जवळ आले: दोनशे तीस, दोनशे सव्वीस, दोनशे बावीस. रिकामी असताना आकडे थोडे चढत. चढू दे.

पहिला शाफ्ट उतरला तेव्हा नंदलाल दारात आला. त्याने लेथच्या मोटरीवर हात ठेवला. कोमट.

"किती दिवस चालते पाहू," तो पुटपुटला.

"पाह्य ना," रंजिता दुसरा शाफ्ट चढवत म्हणाली. "रोज येत जा."