दुसरी सही

बॉयलरकाकांच्या गाडीला आजवर काही झालं नव्हतं, याचं मुख्य कारण म्हणजे काही व्हायला काकांनी तिला सवडच दिली नव्हती. रविवार उजाडला की सातच्या ठोक्याला बॉनेट उघडायचं आणि काका गाडीच्या पोटात डोकं घालायचे, ते नऊपर्यंत. ऑइलची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढून उजेडात धरायची. मग रेडिएटरचं पाणी, ब्रेकचं ऑइल, बॅटरीची टोकं, अंगठ्याने दाबून पट्ट्याचा ताण, चारही टायरांची हवा आणि शेवटी डिकीतल्या पाचव्या टायरची. हा पाचवा टायर एकोणीस वर्षांत एकदाही रस्त्याला लागला नव्हता, पण हवेच्या बाबतीत काकांनी त्याला कधी सावत्र वागवलं नाही.

काकूंचं म्हणणं, या गाडीचं ऑइल इंजिन खात नाही, ह्यांचं फडकं खातं.

काका एकतीस वर्षं कागद कारखान्यात बॉयलरवर होते. नाव तिथेच चिकटलं आणि घरापर्यंत आलं. बॉयलरवर दर तासाला वाफेचा दाब बघायचा, पाण्याची पातळी बघायची, रजिस्टरात लिहायचं, सही ठोकायची. पण एका सहीवर तिथे काडी हलत नसे. दुसऱ्या माणसाने बघून दुसरी सही केली, तरच पुढचं काम. तेव्हा गाडी घेतली त्याच दिवशी काकांनी तिचंही रजिस्टर घातलं. रकाने आखले: ऑइल, पाणी, ब्रेक, बॅटरी, पट्टा, हवा, आवाज, शेरा. शेवटी सह्यांचे दोन रकाने. पहिली सही काकांची, दुसरी काकूंची.

काकू ती स्वयंपाकघरात करत. मिक्सर चालू, हात ओले, वही कोपराने दाबून धरलेली.

"इथे?"

"तिथे."

रविवार सकाळचा त्यांचा संवाद एवढाच. तो एकोणीस वर्षं बिनतक्रार चालला होता.

गल्लीत गाडीला 'पाखरू' म्हणत. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच तळमजल्यावरचा शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "आलं पाखरू!" काकांना हे नाव फार आवडे. छोटीशी, हलकी, साईच्या रंगाची गाडी. लोकांना पारख आहे, असं ते काकूंना सांगत.

तर हे पाखरू आता धाकटीबरोबर जाणार होतं. धाकटी जनावरांची डॉक्टर. तिला घाटापलीकडच्या गावात नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी एकटीने पाच तास गाडी चालवत जायचं होतं. "गाडी तूच घेऊन जा," हे काकाच मोठ्या रुबाबात बोलून बसले होते आणि तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तपासणी रोजच्या रोज सुरू झाली. शनिवारी तर दोनदा.

"बाबा, तिथे गॅरेज आहे," धाकटी म्हणाली.

"असेल. रजिस्टर आहे का त्यांच्याकडे?"

"अहो, मी दिवसभर जनावरं तपासते. मला गाडी तपासता यायची नाही?"

"जनावराला दुखलं तर ते ओरडतं," काका म्हणाले. "गाडी बिचारी मुकी असते."

धाकटीने आईकडे बघितलं. आईने छताकडे.

रविवार आला. घरच्या अंगणातली शेवटची तपासणी. काकांनी इंजिन चालू ठेवलं होतं. गाद्यागिरद्यांचं बोचकं मागच्या सीटवर मावतं का, हे बघायला काकू खाली आल्या, तर काकांनी तिथेच बॉनेटवर रजिस्टर उघडून पुढे केलं. काकूंनी पेन घेतलं. आता पुन्हा कुठे करायचीय, या विचाराने त्यांना जरा भरून आलं, आणि भरून आल्यामुळे त्यांनी कधी नव्हे ते पान वाचलं. ऑइल ठीक. पाणी ठीक. आवाज: नाही.

त्यांनी मागचं पान उलटलं. आवाज: नाही. त्याच्या मागचं. नाही, नाही, नाही.

काकूंनी पेन खाली ठेवलं. "मी सही करत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नाही करत. अहो, ही गाडी ओरडतेय!"

"कोण ओरडतंय?"

"ही! आत्ता! दोन वर्षं ओरडतेय!"

काकांनी इंजिनाजवळ कान नेला. उजवा नेला, मग डावा नेला. इंजिन नेहमीसारखं गुरगुरत होतं. "काही नाहीये," ते म्हणाले.

"बाबा," धाकटी हळूच म्हणाली, "खरंच येत नाही तुम्हाला ऐकू? अगदी चिवचिवतेय."

तेवढ्यात शिंप्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, अहो, म्हणून तर आम्ही पाखरू म्हणतो हिला!"

आधी काकांना वाटलं, सगळे मिळून थट्टा करताहेत. मग त्यांनी एकेकाचा चेहरा बघितला. बॉयलरची शिट्टी एकतीस वर्षं कानाशी वाजली होती, आणि निवृत्तीच्या वेळी त्यांच्या कानातला तेवढा बारीक सूर ती स्वतःकडेच ठेवून बसली होती.

"दोन वर्षं तू गप्प बसलीस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही लिहिलं असेल!"

"मग वाचायचं नाही का?"

"एकोणीस वर्षं टायरची हवा कोण वाचतं हो?"

कारखान्यात अशी दुसरी सही करणाऱ्याला काकांनी बॉयलरच्या आसपास फिरकू दिलं नसतं. आणि पहिली सही करणाऱ्याला? हा विचार त्यांनी फडक्याला हात पुसता पुसता सोडून दिला.

पाखरूची नेहमीची गॅरेजवाली रविवारी दुपारपर्यंत असे. धाकटीने तिला बोलावून आणलं. तिने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या एका पुलीजवळ टेकवलं, मूठ कानाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "बेअरिंग संपलंय. घाटात अडकलं असतं. पट्टा तुटून गाडी तापून बसली असती, अगदी मधोमध."

काकांच्या डोळ्यांपुढे घाट आला. घाटात गाडी आली. गाडीत धाकटी. "अगं, मग मला आधी सांगायचंस!"

"दोनदा सांगितलं, काका. तुम्ही हसून मान डोलावलीत आणि म्हणालात, सगळी तुझी कृपा."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

गॅरेजवालीने स्क्रूड्रायव्हर काकांच्या हातात दिला आणि त्याची मूठ त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवायला लावली. चिवचिवाट काही आला नाही. पण हाडातून खालची खरखर चढली, दात शिवशिवले, आणि दाब वाढलेल्या बॉयलरपुढे जसे उभे राहत तसे काका एकदम ताठ उभे राहिले. "बदल," ते म्हणाले. "आत्ता बदल."

दोन तासांनी पुली शांत फिरू लागली. काकांनी नवी ओळ लिहायला घेतली. ऑइल, पाणी, ब्रेक, बॅटरी, पट्टा, हवा. 'आवाज'पाशी येऊन ते थांबले, आणि पेन काकूंकडे दिलं.

"हा रकाना तुझा."

काकूंनी चांगली पाच मिनिटं कान दिला, गाडीभोवती फेरी मारली, शिंप्याला मशीन बंद करायला लावलं. मग लिहिलं, 'नाही.' पुन्हा सगळी ओळ वाचली आणि सही केली, प्रथमच पूर्ण नावाने.

सोमवारी निघताना धाकटीने आपण होऊन हात पुढे केला. "द्या ते रजिस्टर."

"दुसरी सही कोण करणार तिथे?"

"बघते कुणाला तरी पकडून. वाचता येणारा बघते."

गाडी कोपऱ्यावर वळून गेली. शिंपी चहाचा कप घेऊन बाहेर आला. "हे काय, गेलं पाखरू? कळलंच नाही की!"

काका रिकाम्या जागेकडे बघत होते. जमिनीवर तेलाचा एकही डाग नव्हता. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरांकडची वेळ घेतलीय. उद्या दहाची."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. हसून मान डोलवा."

काकांनी हसून मान डोलावली.