दरीपलीकडचा सायरन
बामचा वास आला की मला दरीपलीकडचा सायरन ऐकू येतो. आमचं जर्मन खेडं दरीपलीकडच्या मोठ्या गावात विलीन झालं, त्याच हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. मी फोनवर रस्ता आणि गावाचं नवं नाव सांगितलं. आमच्या रस्त्याच्याच नावाचा एक रस्ता त्या मोठ्या गावातही होता. ॲम्ब्युलन्स तिकडेच गेली; सायरन दरीपलीकडून ऐकू येत होता. सासूबाई बाम चोळत म्हणत होत्या, "अहो, डोळे मिटू नका." मी फोन कानाला लावून अंगणात धावलो. विलीनीकरणाविरुद्ध भांडभांड भांडलेली शेजारची म्हातारी कुंपणापाशीच उभी होती. तिनं फोन हिसकावला आणि आमच्या खेड्याचं जुनं नाव ओरडून सांगितलं. सायरन वळला. अजूनही सासरे पुण्याहून विचारतात, "जावईबापू, म्हातारीच्या गावात सगळं ठीक ना?"