साखर नसलेलं घर

विनायक भावजी फोनवर कधी आवाज चढवून बोलत नाहीत. त्या सकाळी ते ओरडत होते. "बाबू, शालू उठत नाय रे! परसात पडली... डोळे उघडे आसत, पण माका वळखत नाय. साखर चढली आसतली तिची!" मी मुरगावला, ते डिचोली तालुक्यात, आमोण्याला. मध्ये दोन बस आणि दोन नद्या. गाडी करा, तिला आधी दवाखान्यात न्या, मी येतो, एवढंच मी म्हणालो आणि पायांत चपला सरकवल्या. बसमध्ये बसल्यावर त्यांचं शेवटचं वाक्य कानात फिरत राहिलं. साखर चढली आसतली... गेले कित्येक महिने शालूताईला काहीही झालं की आम्ही सगळे हेच म्हणत आलो होतो.

शालूताई माझी थोरली बहीण. आमचं घर पेडण्याचं. ती लग्न होऊन आमोण्याला गेली, मी नोकरीसाठी बंदराकडे. भावजी वीजखात्यात होते, आता निवृत्त आहेत. मूलबाळ नाही. घरात दोघंच, आणि घरामागे नदीच्या अंगाला उतरत गेलेलं मोठं परस, ज्याला आम्ही पोरसूं म्हणतो. ताईबद्दल काहीही सांगायचं तर आधी आमच्या आईबद्दल सांगावं लागतं, कारण ताईच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला आईच्या दुखण्याचं भय पुरून उरलं होतं. आईला मधुमेह होता आणि तिनं तो कधी मनावर घेतला नाही. कुंपण बांधताना बांबूची एक बारीक कूस तिच्या तळपायात शिरली. तिला ती कळलीच नाही. पायाला संवेदना उरली नव्हती. अंगठा काळा पडला तेव्हा आमच्या लक्षात आलं. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. ताई तेव्हा महिनोन् महिने माहेरी राहिली. आईच्या खोलीत औषधाचा आणि त्याखाली दबलेला आणखी कसला तरी वास असायचा. तो वास ताईच्या नाकातून पुढं कधी गेला नाही, असं ती म्हणायची.

त्यामुळे पन्नाशीत तिला स्वतःला मधुमेह निघाला तेव्हा ती रडली नाही. दवाखान्यातून घरी आली, साडीही न बदलता स्वयंपाकघरात गेली आणि फडताळ रिकामं करायला लागली. साखरेचा डबा, गुळाची ढेप, चतुर्थीच्या नेवऱ्यांसाठी ठेवलेलं सारण, पाहुण्यांसाठीची बिस्किटं, सगळं शेजारणीकडे गेलं. भावजी चहाला साखर लागते म्हणून थोडं कुरकुरले, तर म्हणाली, "साप पाळूचो आसा तर घराभायर पाळा." काही वर्षांनी इन्सुलिन सुरू झालं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की सुई घेणाऱ्या माणसानं खडीसाखर नेहमी हाताशी ठेवायची; घाम फुटला, हात कापले, डोकं फिरलं तर आधी ती तोंडात टाकायची. तिनं मान डोलावली. वाटेत पुडीही घेतली. पण घरी आल्यावर ती पुडी देवापुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी प्रसाद म्हणून वाड्यावर वाटून टाकली.

पण ती सुतकी चेहऱ्यानं जगली असं कुणाला वाटू नये. साखर गेली आणि तिच्या हाताला वेगळीच चव आली. चतुर्थीनंतर पाऊस ओढ घेऊ लागला, उन्हाचा पिवळा कडकपणा जाणवू लागला, की ती परसात उतरायची. पावसाळ्यात माजलेलं रान काढायचं, पालापाचोळा जाळून राख करायची, शेण घालून माती भुसभुशीत करायची, वाफे ओढायचे. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी, मिरची, आणि कुंपणाच्या कडेनं अळसांदे, म्हणजे आमची चवळी. बाजारातली भाजी तिला चालायची नाही. दिवाळीपर्यंत पहिली तांबडी भाजी ताटात आली पाहिजे, हा तिचा हट्ट. खतखत्यात, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्शात, ती गूळ घालायची नाही. तिरफळं आणि सोलं अशी काही जमवायची की गूळ नाही हे खाणाऱ्याला शेवटच्या घासापर्यंत कळू नये. नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मुगाची रसदार गाठी, खोबरं हात राखून घातलेलं बांगड्याचं हुमण, आणि उकड्या तांदळाचा भात एकच डाव. पाववाला पोदेर सायकलवरून यायचा तेव्हा त्याच्याकडून कुंड्याची एक पोळी, म्हणजे कोंड्याचा चपटा पाव, घ्यायची आणि दोघांत अर्धी अर्धी करायची. मी गेलो की मलाही अर्धीच मिळायची.

परसात ती जुन्या मोज्यांवर रबरी बूट घालून काम करायची. बायका हसायच्या. रोज संध्याकाळी पायरीवर बसून, लहानसा आरसा तळव्याखाली धरून ती दोन्ही पाय न्याहाळायची. कुठं चीर नाही ना, फोड नाही ना. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडायची नाही. भय ज्या दिशेनं एकदा आलेलं असतं, त्याच दिशेला माणूस टक लावून बसतो...

गेल्या वर्षी तिची साखर कधी नव्हे इतकी आटोक्यात आली. बोट टोचून यंत्रावर आकडा पाहिला की तिचा मला फोन यायचा. "बाबू, आज शंभराच्या आत!" तिच्या आवाजात शाळेत पहिली आल्यासारखा आनंद असायचा. ती बारीकही झाली होती. ब्लाऊज खांद्यावरून उतरायचे, बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. सगळे कौतुक करायचे, की बघा, मनावर घेतलं तर माणूस काय करू शकतो. डॉक्टरांनी तिला पावसाळ्यातच परत बोलावलं होतं. वजन उतरतंय, तेव्हा इन्सुलिनचं माप कमी करावं लागेल, असं म्हणाले होते. ती गेली नाही. आधी चतुर्थी होती, मग वाफे. शिवाय तिचं म्हणणं, इतकं बरं चाललंय त्यात हात कशाला घालायचा?

चतुर्थीला मी आमोण्याला होतो. गणपतीच्या वर माटोळी, फळापानांची चौकट, बांधणं चाललं होतं. भावजी स्टुलावर उभे, मी खालून रानफळांचे घोस देत होतो. ताई सुपारीची शिपटी, म्हणजे घोस, घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "आप्पा, तुम्ही कवा इलात?" आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली असतील. आम्ही हसलो. ती मात्र हसली नाही. तशीच उभी, कपाळावर घामाचे थेंब, हातातली शिपटी हळूहळू खाली घसरत चाललेली. मग नैवेद्य झाला, ती जेवली, आणि पानावरून उठेपर्यंत पूर्ववत झाली. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. "धावपळीनं साखर चढली आसतली," ती म्हणाली, आणि संध्याकाळी भाताला हात लावला नाही.

त्यानंतर पंधरवड्यानं मी पुन्हा गेलो तेव्हा ती तांबडी भाजी पेरत होती. बी खसखशीसारखं बारीक असतं, म्हणून ते राखेत कालवून फेकायचं. तिनं एक वाफा पेरला, मागं सरली, आणि पुन्हा तोच वाफा पेरला. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, "ताई, हो वाफो झालो." तिनं मान वर केली. तसे डोळे मी तिचे कधी पाहिले नव्हते. मी कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "तू कोण माका शिकवणारो? चल, भायर हो हयसून!" तिचा ब्लाऊज भिजून पाठीला चिकटला होता आणि दुपारच्या त्या उन्हात तिचे हात गार होते. भावजींनी तिला धरून आत नेलं, ऊन लागलं म्हणाले, जेवण वाढलं. जेवल्यावर ती शुद्धीवर आल्यासारखी झाली. तासाभरानं तिनं बोट टोचलं. आकडा थोडा वर. "बघ, सांगलंय ना, वाढली!" अन् भाकरी अर्ध्यावर आली. जेवल्यावर मोजलेली साखर वरच असणार, आणि जेवणानंच ती सावरली होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, भावजींच्याही नाही.

आता मागं वळून पाहताना सगळं एका सरळ ओळीत दिसतं. पोदेरावर ती विनाकारण ओरडली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच हसून विचारलं, "काल खंय होतंस?" हुमणात दोनदा मीठ पडलं. विहिरीवर कळशी भरून ती तिथंच उभी राहिली, शेजारणीनं हात धरून घरी आणली. प्रत्येक वेळी आमचं निदान एकच आणि उपायही एकच. अन्नातला आणखी एक घास कमी.

त्या सकाळचं भावजींनी मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तिनं नेहमीसारखी सुई घेतली. तव्यावर भाकरी टाकायची होती, पण जनेलातून तिला दिसलं की पाण्याचा पाट फुटून अळसांद्यांच्या वाफ्यात शिरलाय. "आयलंय हां," म्हणून ती बूट घालून खाली उतरली. भावजी पोदेराची वाट पाहत पुढच्या दारी उभे होते. त्या दिवशी त्याला उशीर झाला. जळक्या वासानं ते आत आले, तर तवा लाल झालेला आणि ती नाही. हाका मारत परसात गेले. ती वाफ्यात बसली होती, पाठ कुंपणाला टेकलेली, दोन्ही हात चिखलात, ओठ हलत होते पण शब्द नव्हते. त्यांनी तिला कसंबसं घरात आणलं. साखर चढली असं समजून काय द्यायचं, तर मेथीचं पाणी. ते त्यांनी चमच्यानं तिच्या ओठांना लावलं. गाडी मिळायला वेळ गेला.

दवाखान्यात बोट टोचलं तेव्हा यंत्रानं आकडाच दाखवला नाही, इतकी तिची साखर खाली गेली होती. लगेच ग्लुकोज लावलं, आकडा वर आला, पण ती आली नाही. तिथून पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मी पोचलो तेव्हा तिची छाती यंत्रावर वरखाली होत होती आणि नखांत अजून परसातली माती होती. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाजूला बसवून समजावलं, की वारंवार साखर उतरत राहिली की शरीर हाक मारायचं सोडून देतं. थरथर नाही, भूक नाही. माणसाला कळतच नाही आपण बुडतोय ते. मेंदू फार वेळ उपाशी राहिला होता. भावजींनी विचारलं, "सुरवातीक, वाफ्याकडे जायच्या आधी... काय दिलं आसतं तर?"

"काहीही गोड. चमचाभर साखर."

"एक कुलेर?" भावजी म्हणाले. "एक कुलेर साखर?" त्यांनी बोटांनी कुलेराएवढं माप करून दाखवलं आणि तो हात तसाच हवेत राहिला. मी तो धरून खाली आणला.

काही दिवसांनी, दिवाळीच्या तोंडावर, ती गेली. आम्ही तिला आमोण्याला आणलं तेव्हा तिठ्यावर तरण्या पोरांचा, दिवाळीच्या पहाटे जाळायचा नरकासुर जवळजवळ उभा झाला होता. गवताचं धड, कागदाचं रंगवलेलं तोंड, विजेचे लाल डोळे. शववाहिका दिसताच कुणीतरी गाणी बंद केली, दिवेही घालवले. त्या अचानक पडलेल्या शांततेत ते प्रचंड धड आमच्या गाडीवर ओणवून उभं होतं. भावजींनी खिडकीकडून तोंड फिरवलं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. परस भरात आहे. ते रोज पाणी घालतात आणि निघेल ते शेजाऱ्यांना देतात. स्वयंपाक मात्र आता स्वतः करतात. त्यांनी भात केला होता, अळसांद्यांची उसळ केली होती, थोडी करपलेली. दोन ताटं वाढली, त्यांवर झाकणं ठेवली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील. थोडा वेळ थांबून मी बाहेर आलो. म्हटलं, "भावजी, जेवूया ना?"

"बस," ते म्हणाले. "अजून वेळ आसा."

मग माझ्या लक्षात आलं. ताईनं सुई घेतल्यावर लगेच जेवायचं नसे, थोडं थांबावं लागे. तेवढा वेळ ही दोघं रोज या पायरीवर बसायची. दिवसभरातलं त्यांचं काय ते बोलणं तेव्हाच व्हायचं. त्या सकाळी पोदेराला उशीर झाला, पाट फुटला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती दोघं घराच्या दोन टोकांना होती.

मी त्यांच्या शेजारी बसलो. खाली वाफ्यांवर ऊन होतं, पलीकडे नदीतून एक बार्ज मुरगावच्या दिशेनं चालली होती. भावजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरकून जरा कडेला बसले. आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली. ती मी भरली नाही. थोड्या वेळानं ते उठले, गुडघ्यांवर हात टेकून, आणि म्हणाले, "चल. आता चलता."