खाडीकाठच्या सह्या

ते प्रकरण आजही मला जसंच्या तसं आठवतं. मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एका बँकेच्या अधिकारी बाई फाइल घेऊन आल्या. एका रसायन कंपनीने कारखान्यासाठी कर्ज मागितलं होतं. कर्ज देण्यापूर्वी प्रकल्पाचा माणसांवर आणि पर्यावरणावर काय परिणाम होईल, हे तपासणं बाईंचं काम. कारखान्याचं सांडपाणी खाडीत सोडायला कोळीवाड्याची संमती आहे, असं कंपनीच्या सल्लागाराने अहवालात लिहून दिलं होतं. सोबत बैठकीचा फोटो आणि सह्या. बाई खात्री करायला गेल्या, तर अशी बैठक झाल्याचं गावात कोणालाच माहीत नव्हतं. मंजुरी चार दिवसांवर आली होती आणि बँकेतल्या वरिष्ठांना घाई होती. तरी बाई तक्रार द्यायला आल्या.

सल्लागाराला चौकशीला बोलावलं. माणूस शिकलेला, शांत. गावकऱ्यांनी आता शब्द फिरवला, एवढंच तो सांगत राहिला. सह्याही खऱ्या निघाल्या. त्या कधी केल्या, ते मात्र लोकांना आठवेना. खोटं बोलणारा घाबरतोच असं नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

शेवटी फोटो घेऊन मी स्वतः कोळीवाड्यात गेलो. मासळी विकणाऱ्या एका आजींनी तो निरखून पाहिला आणि अहवालातली बैठकीची तारीख, वेळ विचारली. वेळ दुपारी बाराची होती.

"साहेब, त्या दिवशी अवस होती," त्या म्हणाल्या. "अवसेला दुपारी बारा वाजता पानी धक्क्याला लागतं. हितं मागं नुसता चिखल हाय. आनि ही बसलेली मीच. डोळे तपासायचं शिबिर होतं ते."

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागवलं. आजींचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. ते समोर ठेवल्यावर सल्लागाराने कबुली दिली. शिबिर त्यानेच भरवलं होतं आणि तिथल्या हजेरीपत्रकावरच्या सह्या संमतीपत्राला जोडल्या होत्या. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली.

बँकेने कर्ज रोखलं. कंपनीला खाडीत पाणी सोडण्याचा आराखडा रद्द करावा लागला आणि गावात खरी बैठक झाली. बंदोबस्ताला मी मुद्दाम गेलो. पहिला प्रश्न आजींनी विचारला, आणि बँकेच्या बाई तो लिहून घेत होत्या. त्या दिवशी अंगावरच्या वर्दीचा मला फार अभिमान वाटला.

सही खरी असूनही कागद खोटा असू शकतो, हे मी त्या तपासात शिकलो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात जबाब मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणाचीही सही घेतली गेली नाही.