सडक्या पपईचं गिऱ्हाईक

खापरच्या बाजारात माझी पपईची गाडी आहे. सगळी गिऱ्हाइकं फळ दाबून चांगलं शोधतात. एक कॉलेजातले सर तेवढे वास घेत सडकं शोधायचे. बोलायचे अगदी पुस्तकातलं, "पूर्णपणे खराब झालेली पपई मिळेल का?" मग तिच्यावर बसलेल्या माशा अभ्यासासाठी पकडायला बरणी पालथी धरून बगळ्यासारखे उभे राहायचे. माशा हाकलायला मी फडकं उचललं की हात जोडायचे. मला राग यायचा. अहो, धंद्याची वेळ!

परवा ते जीपमधून उतरले ते पळतच. एक चप्पल जीपमध्येच राहिली. "भाऊ, तुन्हा गाडीवरनी माशी देशमा पहिली शे! आख्खा देशमा ही जात कोणीच देखेल नव्हती!" पुस्तकातलं मराठी कुठल्या कुठे पळालं होतं. त्यांनी मला मिठी मारली, शेजारच्या मिरचीवाल्या मावशींच्या पाया पडले, आणि पहिल्यांदाच एक चांगली पपई विकत घेऊन सगळ्यांना वाटली.

मी त्यांना बाजूला ओढलं. "सर, मन्हा गाडीनं नाव कोठे सांगू नका. लोक माशांनी गाडी म्हनतीन, गिऱ्हाईक पळी जाई."

सरांनी गळ्याची शपथ घेतली आणि पाळलीही. भेटेल त्याला ते फक्त "खापरच्या बाजारात सापडली" एवढंच सांगत राहिले.

मलाच राहवेना. संध्याकाळपर्यंत येईल त्या गिऱ्हाइकाला मी गाडीचा कोपरा दाखवत होतो, "पपई नंतर घ्या. आधी हे बघा, ती इथे बसली होती!"