जावयाच्या गाडीचा मीटर

आमचे जावई गेले. देवळाच्या हॉलमध्ये लोक एकेक करून उठले आणि बोलले. इंजिनिअर म्हणून हुशार, घराला धरून राहणारा माणूस, वगैरे. मलाही म्हणाले, काका, दोन शब्द बोला. मी उठलो नाही. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याच्याबद्दल चारचौघांत काय बोलणार? म्हणून इथं लिहितो. शिक्षण सातवीपर्यंत, चुका होतील.

ब्याऐंशी साली मुलीकडं राहायला आम्ही दोघं न्यू जर्सीला आलो आणि महिन्याभरात माझी बायको इथंच गेली. अंत्यविधीला मंत्र म्हणायला कुणी भटजी मिळेना. जावयांनी कॅसेट लावली, तर टेप आत गुंडाळली गेली. बायको तशीच गेली, अर्ध्या मंत्रावर. तो राग माझ्या पोटात होता.

त्यानंतर काही महिन्यांनी जावई महिन्यातून एक-दोन शनिवारी सकाळीच गाडी काढायला लागले. "बाबा, ऑफिसचं जरा अर्जंट आहे." दुपारी यायचे ते गॅरेजमधून थेट खाली बेसमेंटमध्ये. आधी अंघोळ, मग वर. डोक्यावरून पाणी, कपडे दुसरे. अंगाचा कसला वास धुतो हा?

मी जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ड्रायव्हर खोटं बोलेल, मीटर बोलत नाही. ऑफिस सहा मैलांवर, आणि मीटर नव्वदनं पुढं. डिकी उघडली. आत पिशवी. त्यात टॉवेल, साबण, कपड्यांचा जोड. माझी खात्रीच झाली. बाई आहे.

मुलगी सहा महिन्यांची पोटुशी. तरी मी तिला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बाबा, तुम्ही त्यांची गाडी तपासता?" एवढंच म्हणाली आणि पुढची घडी घातली. मला वाटलं, घर मोडलं पोरीचं. आता सोक्षमोक्ष लावायचाच.

पुढच्या खेपेला मी गॅरेजमध्येच स्टूल टाकून बसलो.

"कुठं होता?"

"ऑफिसला, बाबा."

"अंघोळ करायला लावणारं ऑफिस कुठलं हो, जावईबापू?"

मी हात धरायला गेलो. ते भिंतीला जाऊन चिकटले.

"बाबा, शिवू नका! प्लीज, आधी अंघोळ करू द्या."

माझा हात तसाच राहिला. मसणातून आलेला माणूस कुणाला शिवत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मला साठीच्या घोड्याला बाई दिसली.

"आईंच्या वेळी कॅसेट अडकली, तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघत होता," ते म्हणाले. "मग मी सगळं पाठ केलं. आता कुणी गेलं की लोक फोन करतात. नाही कसं म्हणू? हिला सांगू नका, या दिवसांत नको."

मी सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. नातू झाला, वर्षं गेली, ते शनिवार चालूच राहिले.

परवा त्यांना पोचवलं. त्यांनीच शिकवलेल्या एका डॉक्टरनं मंत्र म्हटले, शेवटपर्यंत. घरी आल्यावर मी बेसमेंटमध्ये अंघोळीला गेलो. वरून मुलगी म्हणाली, "बाबा, टॉवेल त्यांच्या पिशवीतला घ्या. धुतलेला आहे."

"तुला पिशवी माहीत होती?"

"पहिल्यापासून. मीच धुऊन ठेवत होते."